संशयाची नोंदवही

निपाणीहून कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनास जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना राज्याची सीमा ओलांडावी लागते. गाडीच्या पाटीवरील पहिली दोन अक्षरे परक्या राज्याची असली, आणि पुढच्या चार गाड्या सोडून आपलीच बाजूला घ्यावयास सांगितली, म्हणजे 'आम्हालाच का?' असा प्रश्न मनात उठतो. सीमेच्या या बाजूस काय, त्या बाजूस काय, हा अनुभव पुष्कळांस आला असेल. अडवणाऱ्यापाशी कारण असते व ते खोटे असतेच असे नाही. म्हणूनच अन्याय झाला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. अर्ध्या तासाने गाडी सुटते आणि आपण ते विसरतो.

परंतु ज्यांची गाडी कधी सुटतच नाही, अशी माणसेही आपल्याच जिल्ह्यात आहेत. इंग्रज सरकारने १८७१ साली काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविणारा कायदा केला व १९११ साली तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. नोंदवहीत नाव, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, परवानगीवाचून गाव सोडण्यास बंदी, आणि विजापूर, हुबळी, सोलापूर येथे वसाहती, अशी ती व्यवस्था होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या गेल्या. पुढे मुंबई राज्यात १९५९ साली व आपल्या राज्यात १९६१ साली सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. त्यांत जमातीचे नाव नव्हते, तरी पोलिसांच्या व लोकांच्या मनातील जुनी वही मिटली नाही. बेळगावनजीकच्या यमनापूरचे डॉ. भीमराव गस्ती यांचे 'बेरड' हे आत्मचरित्र ज्यांनी वाचले असेल, त्यांस हे निराळे सांगावयास नको.

येथे आमचा स्वतःचा दोष सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका देवळातून पितळेच्या दोन समया नाहीशा झाल्या. संशय कोणावर, असे विचारले गेले. माळावर पाल ठोकून राहिलेल्या लोकांकडे एकाने बोट दाखविले आणि उरलेल्यांनी माना हलविल्या. त्या मानांत आमचीही मान होती. दोघांना नेण्यात आले. तिसऱ्या दिवशी समया कोठीतच, उत्सवाच्या सतरंज्यांमागे सापडल्या. ते दोघे परत आले, परंतु त्यांची क्षमा मागण्यास आमच्यापैकी कोणी माळावर गेले नाही. त्यांची पाले उठल्यावर आम्हांस सुटल्यासारखे वाटले, हे तर त्याहूनही लाजिरवाणे.

'अनुभवावरून अंदाज बांधावाच लागतो,' असे कोणी म्हणेल. पोटाशी गाठोडे धरून रात्री पळणारा दिसला तर त्याला जरूर हटकावे, कारण तो संशय कृतीवरचा आहे. पण दरवेळी एकाच वस्तीची झडती घेतली, तर चोरीचा माल सापडला तरी तेथेच सापडणार. ज्या घरांची झडतीच होत नाही ती आपोआप सज्जन ठरतात. अशा अनुभवास ज्ञान म्हणता येत नाही.

कर्म ज्याचे, फळ त्याचे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. हीन मानलेला जन्म हेच पूर्वकर्माचे फळ, असे मानणारेही आहेत. त्यांनासुद्धा एवढे कबूल करावे लागेल की मागच्या जन्मीच्या चोरीचा तपास या जन्मीच्या शिपायाकडे सोपविलेला नाही. चित्रगुप्ताच्या वहीत पान असते ते माणसाचे, जातीचे नव्हे. आणि त्या वहीत राजालाही पान असते.

या शेवटच्या गोष्टीचा विचार अमेरिकेतील काही राज्यांनी निराळ्या वाटेने केला. काळ्या लोकांना रस्त्यात विनाकारण अडविले जाते, अशी तेथे जुनी तक्रार होती. १९९९ साली नॉर्थ कॅरोलिना राज्याने रस्त्यावर थांबविलेल्या वाहनांची नोंद ठेवण्याचा कायदा केला व पुढे इतर राज्यांनीही तसे केले. कॅलिफोर्नियाच्या २०१५ च्या कायद्यानुसार पोलिसाने का अडविले, झडती घेतली का, काय सापडले, हे तर लिहावे लागतेच, शिवाय तो माणूस आपल्याला कोणत्या वंशाचा वाटला, हेही लिहावे लागते. माणसाला विचारून नव्हे, पाहून काय वाटले ते. सुमारे १० कोटी नोंदी तपासून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की अडविलेल्यांत काळ्या चालकांचे प्रमाण अंधार पडल्यावर घटते. चेहरा दिसेनासा झाला की संशयही कमी होतो, असाच त्याचा अर्थ. एका नोंदीतून एका शिपायाचे मन कळणार नाही. पण शेकडो नोंदी एकत्र पाहिल्या म्हणजे जे एकेका प्रसंगी हाती लागत नव्हते ते दिसू लागते.

हजेरीच्या वहीत पाळत असलेल्याचे नाव असे, या वहीत पाळत ठेवणाऱ्याचे कृत्य आहे. आपल्याकडे अशी वही अद्याप नाही. तथापि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये बजावले आहे की मागास समाजांतील निरपराध माणसांची नावे केवळ पूर्वग्रहाने पोलिसांच्या संशयितांच्या दप्तरात चढवू नयेत, व त्या दप्तराची वरिष्ठांनी वेळोवेळी तपासणी करावी. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरच्या निकालात, विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीने अटक होऊ नये, अशीही ताकीद दिली.

सरकारने काय करावे ते सरकार पाहील. आपल्या हाती एक लहान वही आहे. पुढच्या उत्सवात काही हरवले तर आधी कोठी पाहावी. कोणाचे नाव सुचवावयाचे झाल्यास, त्याने काय करताना कोणी पाहिले, हे सुचविणाऱ्याने स्वतःच्या सहीनिशी लिहून द्यावे. लिहिताना हात अडखळला, तर ते नाव देऊ नये. त्या दिवशी आमच्या हाती अशी वही असती, तर तिच्यात लिहिण्याजोगे आमच्यापैकी एकापाशीही काही नव्हते.