टंकण्यापूर्वी विचार करा

माणूस वाईट वागत नाही, याचं सगळं श्रेय आपण त्याच्या सदसद्विवेकबुद्धीला देऊन मोकळे होतो. माझा या बुद्धीवर फारसा भरवसा नाही. माझं आपलं प्रामाणिक मत असं, की जगातली निम्मीशिम्मी पापं निव्वळ गैरसोयीपायी टळली आहेत. शेजाऱ्याचं पत्र आपण वाचत नाही, कारण पाकीट चिकटवलेलं असतं. ते वाफेवर धरायचं तर आधण ठेवावं लागतं, आणि आधण ठेवलं की आतून आवाज येतो, ‘‘चहा करताय का? मग मलाही घोटभर.’’ तेवढ्या अवधीत सदसद्विवेकबुद्धी जागी होते आणि सगळं श्रेय स्वतःच्या नावावर जमा करून घेते.

आता ही गैरसोयच कुणी काढून टाकली तर? प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये लिडियातल्या एका मेंढपाळाची गोष्ट आहे. त्याला अंगठी सापडते. ती बोटात फिरवली की तो अदृश्य होतो. मग गडी राणीला वश करतो, राजाला मारतो आणि स्वतः गादीवर बसतो. कुणी पाहणारं नसताना सज्जन सज्जन राहील का, असा तो सवाल आहे. त्यासाठी प्लेटोला अंगठी लागली. आमच्या उरणातल्या एका छोट्या वाचनालयाला कॉम्प्युटरचा एक उंदीर पुरला.

उरणच्या माणसाला गैरसोयीचं नैतिक महत्त्व समजावून सांगायला नको. पूर्वी मुंबईला जायचं म्हणजे मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला. ओहोटीला मोऱ्यात गाळच गाळ, लाँच लागायची पंचाईत; तेव्हा माणूस निघायचा तो भरतीची वेळ बघून. ‘‘आत्ताच्या आत्ता मुंबईला जातो आणि त्याला बघून घेतो,’’ असं म्हणत तणतणत निघालेला गृहस्थ धक्क्यावर तासभर बसला, की पाण्याला भरती यायची आणि रागाला ओहोटी लागायची. किती भावांचे खटले त्या तासाभरात मिटले असतील, देव जाणे. पुढे १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल आली आणि त्याच दिवशी समुद्रावरच्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचंही उद्घाटन झालं. सोय झाली, यात वादच नाही. पण आता माणूस रागाने निघतो आणि राग गरम असतानाच पोचतो.

तर वाचनालय. सभासदांची रजिस्टरं वाळवीने सुरुवातीपासून आणि दमट हवेने शेवटापासून वाचायला घेतली, तेव्हा कार्यकारी मंडळाने कॉम्प्युटर करायचं ठरवलं. पैसे नव्हते. माझा पुतण्या बेलापूरला कुठल्याशा कंपनीत याच कामावर आहे. तो म्हणाला, ‘‘काका, लिनक्स टाकू, त्यावर कोहा टाकू. दमडी लागणार नाही.’’ फुकट म्हटल्यावर अध्यक्षांनी हात वर केला आणि ठराव एकमताने पास झाला.

हे कोहा म्हणजे ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारी प्रणाली. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या ग्रंथालयासाठी ती १९९९ साली लिहायला घेतली आणि मग जगाला वाटून टाकली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, अहेर. लिनक्सची कथा तशीच; हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केली आणि फुकट देऊन टाकली. कोहाची सगळी माहिती जिथे साठते त्या डेटाबेसचं नाव मारियाडीबी. तो करणाऱ्या फिनलंडच्या गृहस्थांनी आधीच्या डेटाबेसला थोरल्या मुलीचं नाव दिलं होतं, माय. तो परक्या कंपनीच्या हाती गेल्यावर नवा केला, त्याला धाकटीचं दिलं. करंज्याच्या कोळीवाड्यात होडीला लेकीचं नाव देतात तशातलाच प्रकार, त्यामुळे मला त्या माणसाबद्दल एकदम घरोबा वाटला.

दोन वर्षं कोहा बिनबोभाट चाललं. मग मंडळाला वाटायला लागलं, की आपल्याला ‘आतलं’ दिसत नाही. पुतण्या काळ्या खिडकीत इंग्रजी वाक्यं लिहून हवं ते काढून द्यायचा. पण ते म्हणजे मांत्रिकाकरवी पितरांशी बोलल्यासारखं. अध्यक्ष म्हणाले, ‘‘डोळ्यांना दिसेल असं काहीतरी करा.’’ म्हणून पुतण्याने डीबीव्हर नावाचं साधन बसवायला घेतलं. नाव बीव्हर या प्राण्यावरून. तो दातांनी झाडं पाडून ओढ्यावर बांध घालतो म्हणतात. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून पिढ्यान्पिढ्या बांध घालणाऱ्या आमच्या माणसांना त्याचं कौतुक वाटलं नाही.

बसवण्याचा विधी मी जवळून पाहिला. लिनक्समध्ये काही बसवायचं तर आज्ञेच्या आधी ‘सुडू’ लिहावं लागतं. म्हणजे ‘ही आज्ञा मी मालकाच्या अधिकाराने देत आहे’. हा सुडू १९८० च्या सुमाराला अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात जन्मला. पुतण्याच्या डेबियन लिनक्सवर नवा माणूस त्याला पहिल्यांदा हाक मारतो, तेव्हा तो आधी प्रवचन देतो. त्या यंत्रावर माझ्या नावाने नवीन खातं काढलं होतं, म्हणून ते मला मिळालं. तात्पर्य तीन: दुसऱ्याच्या खाजगीपणाचा मान राखा, टंकण्यापूर्वी विचार करा, आणि मोठ्या सत्तेबरोबर मोठी जबाबदारी येते. एवढं ऐकवून तो पासवर्ड विचारतो, आणि तुम्ही टाइप करत असता पडद्यावर काही म्हणजे काही उमटत नाही; एक ठिपकासुद्धा नाही. मंत्र मनातल्या मनात म्हणावा तसं. मी आयुष्यात बऱ्याच सत्कार समारंभांना आणि शपथविधींना हजर राहिलो आहे. पण अधिकार देताना इतक्या मोजक्या शब्दांत कुणी बजावलेलं ऐकलं नाही.

मग डीबीव्हर उघडलं. कुठल्या डेटाबेसला जोडू, दार क्रमांक ३३०६ का, नाव काय, पासवर्ड काय, सगळं विचारून झाल्यावर म्हणालं, ‘ड्रायव्हर नाही, उतरवून घेऊ का?’ उरणात ड्रायव्हर म्हटलं की बंदराकडे निघालेला चाळीस फुटी कंटेनरवालाच डोळ्यांसमोर येतो. अध्यक्ष दचकून म्हणाले, ‘‘त्याला भत्ता द्यावा लागेल का?’’

आणि मग तक्ता उघडला. ओळी आणि रकाने. एका ओळीत एक माणूस. माहिती अशी तक्त्यांत मांडावी, आणि वापरणाऱ्याला ती यंत्राच्या पोटात कुठे, कशी ठेवली आहे याची काळजी नसावी, ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. त्याच साली सिडको स्थापन झाली. एकीकडे माणसांच्या ओळी झाल्या आणि दुसरीकडे आमच्या भातशेतांचे भूखंड. दोन्हीकडे मांडणी अगदी सुबक.

पुतण्याने तीन तक्ते जोडून दाखवले. कोणी, कधी, कुठलं पुस्तक नेलं, सगळं समोर. मंडळ पडद्यावर असं ओणवलं, की मागच्यांना पुढच्यांच्या टकलांखेरीज काही दिसेना. दर भाषणात उपनिषदं काढणाऱ्या एका निवृत्त हेडमास्तरांच्या नावावर ओळीने रहस्यकथा निघाल्या. खजिनदारांच्या नावावर ‘पोट कमी करा’ तीनदा. काय हशा! कुणी म्हणालं, ‘‘अहो, खाली घ्या, खाली घ्या, आमच्या आळीतलं बघू.’’ एका ओळीपाशी हसणं थांबलं. एका बाईंनी महिनाभरात तीन पुस्तकं नेली होती, तिन्ही कर्करोगावरची. त्यांचे सख्खे दीर आमच्याबरोबर उभे होते. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या तोंडाकडे बघून सगळ्यांना कळलं. पुतण्याने न सांगता खिडकी बंद केली. दीर काही बोलले नाहीत. चपला घालून गेले.

आता यात चोरी कुणी केली? कुलूप कुणी फोडलं नाही. त्याच नोंदी जुन्या रजिस्टरातही असणार. पण ते रजिस्टर ग्रंथपाल बाईंच्या मेजावर असायचं, ते उचलायला बाईंना कारण सांगावं लागायचं, आणि दोनशे पानं चाळून एका बाईंची तीन पुस्तकं जुळवायची इतका रिकामा दुष्टपणा आमच्यात कुणाकडे नाही. सुडूने टंकण्यापूर्वी विचार करा म्हणून बजावलं होतं. पण या साधनात टंकायचंच नसतं! मग विचार करायचा कधी?

त्याच आठवड्यात मयत सभासदांचा विषय निघाला. ग्रंथपाल बाई कोहातून मयतांची नावं काढत होत्या. कोहाची रीत अशी, की सभासद काढला तरी तो नाहीसा होत नाही. काढलेल्या सभासदांचा एक वेगळा तक्ता असतो, त्यात जाऊन बसतो. एका वारलेल्या गृहस्थांचं नाव मात्र निघेना. त्यांच्याकडे एक पुस्तक येणं होतं, आणि पुस्तक बाहेर असेल तर कोहा माणसाला जाऊ देत नाही. चित्रगुप्ताचं आणि कोहाचं एकमत होईना. चिटणीस म्हणाले, ‘‘डीबीव्हरमधून काढून टाका की! आधी पुस्तकाची ओळ, मग माणसाची. दोन टिचक्यांचं काम.’’

काम खरंच दोन टिचक्यांचं होतं. फक्त तसा काढलेला माणूस त्या वेगळ्या तक्त्यात जात नाही. कुठेच जात नाही.

इथे मला सातबारा आठवला. सातबाऱ्यावर नाव जातं ते खोडरबराने नाही. जुन्या नावाला कंस व्हायचा आणि शेजारी फेरफाराचा नंबर पडायचा. आजोबा कंसात, बाप कंसात, आणि खाली आपण. कुणी, कधी, कशाच्या आधारावर नाव काढलं ते नंबरावरून शोधता येतं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली या भागातल्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन केलं, गोळीबारात पाच माणसं गेली, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. ती मागायला गेलेल्याला पहिला प्रश्न, कागदावर नाव आहे का? आमच्याकडे म्हातारीसुद्धा कंस म्हणजे काय ते जाणते. कंस म्हणजे होता. आणि ओळच नसली, तर नव्हताच.

मी हे सगळं जरा आवाज चढवून मांडलं आणि शेवटी म्हणालो, ‘‘ती काळी खिडकीच बरी होती. निदान ‘काढून टाक’ हे शब्द तरी स्वतःच्या हाताने लिहावे लागत.’’

पुतण्या शांतपणे म्हणाला, ‘‘काका, तुमच्या त्या अवघड जमान्यात सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी आजोबांनी किती खेटे घातले होते?’’

आता याला काय बोलणार! अवघडपणाने सज्जनांनाच अडवलं, हे खरं आहे. ज्याच्या ताब्यात दप्तर, तो कपाटामागे बसून राजा होता. लोक टोपी हातात घेऊन उभे राहत. कंस खरा की खोटा, हे त्याच्याशिवाय कुणाला वाचता येत नसे. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून निघू लागला आणि घरी बसून आपलं नाव बघता यायला लागलं, तेव्हा माझ्याच धाकट्या बहिणीला कळलं की तिचं नाव वारसांत लागलंच नव्हतं. डोळ्यांना दिसतं म्हणून तिने विचारलं. काळ्या खिडकीतून तिला कोण सांगणार होतं?

तेव्हा साधन सोपं असणं वाईट, असं मला म्हणवत नाही. आपलं नाव बघणं सोपं हवं. दुसऱ्याचं उचकणं अवघड हवं. आणि पुसणं तर इतकं अवघड हवं की वाटेत भरती-ओहोटी लागली पाहिजे. यंत्राला हे कळतं, असं पुतण्या म्हणतो. डीबीव्हरमध्ये ओळ काढली तरी ती लगेच जात नाही. आधी नुसती लाल होते आणि ‘जतन करा’ म्हणेपर्यंत लाल होऊन थांबते. काळ्या खिडकीतही एक खिट्टी आहे. ती लावली, की नेमकी कुठली ओळ ते सांगितल्याशिवाय यंत्र काही पुसूच देत नाही. तिला एक अधिकृत टोपणनाव आहे, त्याचा मराठी अर्थ ‘मी मठ्ठ आहे’. म्हणजे आपण मठ्ठ आहोत असं आधी लेखी दिलं, की यंत्र आपल्याला सांभाळून घेतं. दुनियेत याहून रास्त सौदा मला तरी माहीत नाही.

शेवटी पुतण्याने डेटाबेसमध्ये एक नवीन माणूस तयार केला. त्याचं नाव ठेवलं ‘बघ्या’. बघ्याला नुसते डोळे आहेत, हात नाहीत. आणि कुणी काय वाचलं त्या तक्त्यांकडे डोळेही नाहीत. मंडळाने डीबीव्हर उघडलं की बघ्या म्हणूनच आत जायचं. पुसू शकणारा पासवर्ड ग्रंथपाल बाईंकडे, आणि काही पुसायचंच झालं तर सभेचा ठराव हवा. त्या वारलेल्या गृहस्थांची ओळ तशीच ठेवली आहे. बाई म्हणाल्या, पुस्तक घरात सापडलं तर मुलगी आणून देईल, घाई कसली?

अध्यक्षांना हे फारसं पटलं नाही. अडीअडचणीला म्हणून दुसरा पासवर्ड आपल्याकडेही असावा, असं त्यांनी सुचवलं. पुतण्या म्हणाला, ‘‘जरूर घ्या. फक्त ती खिट्टी लावून घ्यावी लागेल.’’

‘‘कुठली?’’

पुतण्याने नाव सांगितलं. अध्यक्षांनी हा विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सांगितलं आहे.