छपन्न बटा

हेन्री फॅरलची १९६० साली आलेली एक कादंबरी आहे, 'व्हॉटएव्हर हॅपन्ड टू बेबी जेन?'. 'पुढे तिचं काय झालं हो?' हा आपलाच, गर्दीतल्या माणसाचा प्रश्न शीर्षकात येऊन बसला आहे. एके काळी रंगमंचावर नाचून-गाऊन सगळं घर पोसणारी जेन आता उतारवयात आहे. बहीण ब्लांश पुढे सिनेमात मोठी झाली, मग अपघाताने अपंग. हॉलिवूडच्या जुन्या घरात दोघी एकमेकींना धरून सडताहेत. एक दिवस जेनच्या मनात येतं, आपला तो लहानपणचा कार्यक्रम पुन्हा उभा करावा. ती साथीला पियानोवाला शोधते.

पुस्तक गाजलं ते भयकथा म्हणून. १९६२च्या चित्रपटात बेटी डेव्हिसने तोंडाला पावडरीची पुटं चढवून ती भीती कायमची ठसवली. मला मात्र जेन ब्लांशचा जो छळ करते त्यापेक्षा तो पियानोवाला जास्त बोचतो. त्याला पैशांची निकड आहे, म्हणून तो समोरच्या बाईच्या गाण्याला मान डोलावतो. जेन लहान असतानाही मान डोलावणाऱ्या घरच्यांची निकड हीच तर होती.

अशा कादंबऱ्यांना 'स्वतःच्या शोधाची कहाणी' म्हणण्याचा आपल्या समीक्षेला भारी सोस. पण शोधायचं म्हणजे आधी हरवायला हवं. बालकलाकाराचं काही हरवलेलं नसतं. ते दुसऱ्यांकडे गहाण पडलेलं असतं, आणि गहाणखतावर सही आई-बापांची असते.

चॅप्लिनच्या 'द किड'मधला (१९२१) पोरगा आठवतो? जॅकी कूगन. वयात आल्यावर कळलं, की कमावलेले लाखो डॉलर आई आणि सावत्र बापाने उडवले. १९३८ साली त्याने दोघांवर दावा लावला आणि शेवटी हाती आले सव्वा लाखाच्या आसपास. त्यातून १९३९मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला, मुलाच्या मिळकतीतला वाटा त्याच्यासाठी राखून ठेवण्याचा. पैशाचं तेवढं बरं असतं, मोजता येतो.

शर्ली टेंपलच्या बटाही मोजता येत. आई रोज रात्री मोजून छपन्न वळायची. आणि वय? स्टुडिओने ते वर्षाने कमी करून ठेवलं होतं, बाळ जास्त दिवस बाळ राहावं म्हणून. बारावा वाढदिवस आला तेव्हा आईने सांगितलं, बाई, तू तेराची झालीस. आदल्या दिवशी अकरा, दुसऱ्या दिवशी तेरा! पुढे ती घानात आणि चेकोस्लोव्हाकियात अमेरिकेची राजदूत झाली, म्हणजे सावरली म्हणायचं. पण मधलं ते वर्ष कुठल्या कोर्टात मागायचं?

आपल्याकडे गहाण पडतं ते नाव. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचं गाणं ऐकून टिळकांनी 'बालगंधर्व' म्हटलं. १९६७ साली, एकोणऐंशीव्या वर्षी, ते गेले तेव्हाही 'बाल' चिकटलेलंच होतं. आपण ते इतक्या प्रेमाने उच्चारतो, की त्यातली गंमत आणि क्रौर्य दोन्ही कानाआड होतात. हिंदी सिनेमाने तर बेबी आणि मास्टर अशा दोन चिठ्ठ्याच छापून ठेवल्या होत्या, आणि मुलगा-मुलगी बघून चिकटवण्याचीही तसदी नेहमी घेतली नाही. डेझी इराणी कुरळ्या केसांनिशी पडद्यावर मुलगा व्हायची. सारिका तर 'मास्टर सूरज' म्हणून मुलांच्या भूमिका करत होती. मी कोण, हा प्रश्न एरवी तारुण्यात पडतो. या मुलींना तो श्रेयनामावलीतच छापून मिळाला होता.

या सगळ्यांत मला कादंबरी दिसते ती बेबी नाझमध्ये. 'बूट पॉलिश'मधली (१९५४) ती मुलगी. कान महोत्सवाने तिची खास दखल घेतली होती. मोठेपणी वाट्याला आल्या दुय्यम भूमिका. आणि पुढे श्रीदेवी हिंदीत आली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या चित्रपटांना आवाज दिला तो नाझने. श्रीदेवीही चौथ्या वर्षापासून तमिळ पडद्यावर राबत आलेली. डबिंगच्या काळोख्या खोलीत एक जुनी 'बेबी' मायक्रोफोनपुढे उभी आहे, समोर दुसरीचे ओठ हलताहेत, आणि हिला फक्त वेळ चुकवायची नाहीये.