हॉर्न कुणासाठी?

भाचा पुण्यात नोकरी करतो आणि रात्री जागून संगणकावर रेल्वेमार्ग बांधतो. ओपन रेल्स नावाचा एक मोफत ट्रेन सिम्युलेटर आहे. जगभरचे हौशी लोक त्यात आपापल्या भागातले रूळ, सिग्नल, स्टेशनं उभी करतात आणि घरबसल्या त्यावरून गाडी चालवतात. दिवाळीला घरी आला तेव्हा म्हणाला, "मामा, आम्हाला मुंबईची एक लोकल लाइन करायचीय. कुठली ते तू सुचव, आणि तीच का, ते दोन पानांत लिहून दे." मी सव्वीस वर्षं मोटरमन होतो, त्यातली बहुतेक हार्बरवर. दुसरी लाइन माझ्या मनात आलीच नाही.

पहिलं पान झरझर लिहून झालं. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली ती हार्बरवरच, व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला. १५०० व्होल्टची डीसी वीज या मार्गावर २०१६ पर्यंत होती, मग २५,००० व्होल्टची एसी आली. १९९२ मध्ये गाडी खाडी ओलांडून वाशीला गेली, १९९८ मध्ये पनवेलला. सीएसएमटी ते पनवेल ४९ किलोमीटर, २५ स्टेशनं. पण मी भाच्याला लिहिलं, आकडे कुठेही मिळतील, तू आधी सँडहर्स्ट रोड नीट कर. तिथे हार्बरची गाडी वर चढते आणि मेन लाइन खाली राहते. डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीनला एका बाजूला गोदामं, दुसऱ्या बाजूला रुळाला इतक्या खेटून झोपड्या की कुकरची शिटी केबिनमध्ये ऐकू येते. भिंतीवर वाळत घातलेल्या साड्या गाडीच्या वाऱ्याने उडतात. शिवडीच्या खाडीत हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. वडाळ्याला आषाढी एकादशीला विठ्ठल मंदिरात जाणाऱ्यांनी फलाट भरून जातो, तिथे गाडी आत घेताना हात आपोआप हलका होतो. आणि मानखुर्द सुटलं की पूल लागतो, खारा वारा तोंडावर येतो, आणि दिवसभर धक्के खाल्लेली माणसं दारात उभी राहून खाडीला हात जोडतात. हे सगळं दाखव, असं लिहिलं.

दुसरं पान अडलं ते भाच्याच्या एका साध्या प्रश्नावर. त्याने विचारलं, "मामा, खांबांचे क्रमांक लागतील. विजेचे खांब अगदी जागच्या जागी लावायचेत. तुला काही आठवतात?"

एक आठवतो. तो पाठ आहे. तो इथे लिहीत नाही, स्टेशनचं नावही लिहीत नाही, कारण त्या माणसाच्या घरचं कुणी हे वाचत असेल. सकाळची वेळ, गाडी भरलेली, सिग्नल हिरवा. वळणावरून बाहेर पडलो तर तो रुळाच्या मधोमध, हातात डबा, मान विरुद्ध दिशेला. हॉर्न दाबला, इमर्जन्सी ब्रेक लावला. भरलेली लोकल ब्रेक लावल्या जागी उभी राहत नाही, काहीशे मीटर जातेच. मोटरमनला ब्रेक लावता येतो, अंतर कमी करता येत नाही. पुढच्या स्टेशनात मेमो लिहिला: वेळ, किलोमीटर, खांब क्रमांक. मेमोत आणखी काही लिहायला जागा नसते. गाडी पुढे नेली, कारण मागे दुसरी उभी होती.

मास्टर कंट्रोलरचा दांडा हाताने दाबूनच धरावा लागतो. सोडला की गाडी आपोआप ब्रेक घेते. त्याला डेडमॅन हँडल म्हणतात. त्या दिवसानंतर कित्येक महिने झोपेतही माझा पंजा तसाच आवळलेला असायचा. बायको हळूच बोटं सोडवायची.

वडाळ्याच्या मंदिरात कीर्तनाला आलेल्या एका बुवांना मी तेव्हा विचारलं होतं, याचं पाप मला लागतं का? ते म्हणाले, हेतू नव्हता, पाप नाही. शास्त्राने ते बरोबर असेल. माझ्या पंजाला ते कधी पटलं नाही.

भाच्याने दुसरा मुद्दा काढला. त्यांच्या मार्गावर रुळांवर माणूस असणार नाही. काही मुलं मुद्दाम माणसांवर गाडी घालतील, त्यापेक्षा रूळ मोकळे बरे, असं त्यांचं ठरलं आहे. मग म्हणाला, "आणि मामा, एका अर्थी हे निष्काम कर्मच झालं. गाडी चालवायची, कुणाचं बरं-वाईट होण्याचा प्रश्नच नाही. फळच नाही."

यावर मी आठवडाभर विचार करत होतो. तो मुलगा मनापासून बोलला होता, म्हणून उत्तरही मनापासूनच द्यायला हवं होतं. मला वाटतं, फळ नसणं वेगळं आणि फळाची आस सोडणं वेगळं. अर्जुनाला जे सांगितलं गेलं ते मोकळ्या मैदानावर नाही. समोर आजोबा उभे होते, गुरू उभे होते, बाण खरे होते. जिथे फळ आहे, भयंकर फळ आहे, तिथेच त्याची आस सोडण्याला किंमत. माझ्या बाबतीत हेतू नव्हता आणि फळ आलं. भाच्याच्या खेळात हेतू असेल आणि फळ येणार नाही. दोन्हीकडे कर्म आणि फळ यांची गाठ सुटलेली आहे, पण उलट्या टोकांनी. मग सिम्युलेटरवर जो लाल सिग्नल ओलांडतो, त्याने काही केलं की नाही?

नोकरीत आम्हालाही सिम्युलेटरवर बसवायचे. पडद्यावर धुकं यायचं, मध्येच पिवळा सिग्नल, मध्येच रुळावर काहीतरी. ते खोटं आहे हे ठाऊक असूनही माझा सदरा पाठीला चिकटायचा. दोरीवर दिसलेला साप खोटा असतो, पण त्याला पाहून फुटलेला घाम खरा असतो. वेदान्ताची चर्चा करणारे लोक सापाबद्दल पुष्कळ बोलतात, घामाबद्दल कमी. मला त्या घामाचंच महत्त्व वाटतं. ज्याला सिम्युलेटरवर घाम फुटत नाही, त्याच्या हातात दीड-दोन हजार माणसं द्यायला मी तयार होणार नाही.

लहानपणी गावच्या देवळात हरिश्चंद्राचं आख्यान ऐकलं होतं. राजाने स्वप्नात विश्वामित्राला राज्य दिलं. सकाळी ऋषी दारात उभे. राजाला म्हणता आलं असतं, महाराज, ते स्वप्न होतं. तो म्हणाला नाही. स्वप्नात दिलेला शब्द त्याने जागेपणी पाळला, पुढे बायको-मुलगा विकले गेले, स्वतः स्मशानात राबला, तरी मागे फिरला नाही. लहानपणी मला तो हट्टी वाटायचा. आता वाटतं, त्याला एक गोष्ट कळली होती: शब्द देणारा मी स्वप्नात आणि जागेपणी एकच आहे. समोरचं जग खोटं असेल, पण त्या जगात वागणारा खोटा नसतो. भाद्रपदात आपण मातीच्या मूर्तीसमोर दीड दिवस आवाज चढवत नाही, ते मातीला घाबरून नव्हे.

म्हणून लाल सिग्नल पडद्यावरचा असला तरी ओलांडणारा खरा आहे, आणि त्याने काहीतरी केलेलं आहे. कुणी मेलं नाही, एवढंच.

मग रुळावर माणूस दाखवायचा का? इथे मी बराच अडलो. मोकळे रूळ म्हणजे हार्बर नव्हे. ज्या लाइनीवर लोक रोज रूळ ओलांडून पाण्याला, कामाला, शाळेला जातात, ती लाइन स्वच्छ आणि रिकामी दाखवणं म्हणजे त्या लोकांना दुसऱ्यांदा पुसून टाकणं. पण माणूस दाखवला तर तो कुणाच्या तरी हातून मजेखातर मरणार, हजार वेळा मरणार, आणि पुन्हा सुरू केलं की परत उभा राहणार. ज्याने एकदा तो आवाज ऐकला आहे त्याला हे सहन होणार नाही. मला तर नाहीच.

हार्बरवर ठिकठिकाणी रुळाकाठी व्हिसल बोर्ड असतात. तो दिसला की हॉर्न द्यायचा. समोर माणूस दिसतो का, हे पाहून नव्हे. दिसत नाही, म्हणूनच द्यायचा. पहाटे साडेचारच्या गाडीला वळणापलीकडे काळोखाशिवाय काही नसतं, तरी मी सव्वीस वर्षं तो दिला. बहुतेक वेळा तिथे कुणीच नव्हतं. ज्या वेळी कुणी होतं आणि बाजूला झालं, ते मला कधी कळलंही नाही. मोटरमनच्या पदरी पुण्य असेल तर ते इथे जमा झालेलं असणार, आणि त्याचा मेमो नसतो.

शेवटी दुसऱ्या पानावर एवढंच लिहून पाठवलं. खांबाचा क्रमांक दिला. पुढे लिहिलं: या खांबाच्या अलीकडे, वळण सुरू होण्याआधी, व्हिसल बोर्ड लाव. रुळावर माणूस दाखवू नकोस. पण चालवणाऱ्याने तिथे हॉर्न दिला नाही, तर गाडी तिथेच थांबव आणि पुढे जाऊ देऊ नकोस.