बाळसे कोणाच्या नावावर?



स्नानसंस्कारानंतर चर्चच्या आवारात आपण सर्वजण बाळाभोवती जमतो. बाळ गुटगुटीत असेल तर “चांगलं बाळसं धरलंय” म्हणून आईचे कौतुक करतो. किरकोळ दिसले तर “अंगावरचं दूध पुरत नाही का गं?” असे तिलाच विचारतो. बाळाच्या पोषणाचा सारा हिशेब आपण एका बाईच्या नावावर लिहून मोकळे होतो. हे न्यायाचे आहे का, याचा आज विचार करू या.

हा प्रश्न आज अधिक गंभीर झाला आहे. गर्भात आणि बालपणी झालेल्या पोषणाची खूण शरीर पुढे अनेक वर्षे जपते, असे वैद्यकशास्त्र सांगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे 2.7 किलो होते, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे सुमारे 3.5 किलो. परंतु आपली बाळे दिसायला बारीक असली तरी त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त आढळली. पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट इथूनच सुरू होऊ शकते. म्हणजे केवळ डोळ्यांनी पाहून बाळसे मोजण्यात अर्थ नाही.

दिल्लीतील एका अभ्यासाचा निष्कर्ष 2004 साली प्रसिद्ध झाला. जन्मापासून पाहणीत असलेल्या सुमारे दीड हजार मुलांना तिशीच्या आसपास पुन्हा तपासण्यात आले. ज्यांच्या रक्तातील साखर बिघडली होती, ते बहुधा पहिली दोन वर्षे बारीक होते आणि नंतर त्यांचे वजन उंचीच्या मानाने भराभर वाढत गेले होते. बाराव्या वर्षी त्यांच्यापैकी कोणीही लठ्ठ नव्हते! पहिल्या दोन वर्षांत राहिलेली उणीव नंतर बिस्किटे आणि गोडधोड खाऊ घालून भरून काढता येत नाही, हा यातला धडा.

आईच्या दुधाविषयीही खरे तेवढेच बोलावे. ते बाळाला जुलाबासारख्या आजारांपासून वाचवते, याविषयी शंका नाही. अंगावर दूध प्यायलेल्या मुलांत पुढे लठ्ठपणा व मधुमेह कमी आढळतो, असे अनेक पाहण्यांत दिसले. पण बेलारूस देशात सुमारे 17 हजार बाळांना घेऊन केलेल्या मोठ्या प्रयोगात, स्तनपान वाढवूनही अकराव्या-बाराव्या वर्षी मुलांच्या लठ्ठपणात घट दिसली नाही. तेव्हा आईचे दूध उत्तमच. परंतु काही कारणाने जिला पाजता आले नाही, तिने मुलाला मधुमेह दिला असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

यहेज्केल संदेष्ट्याच्या काळी लोकांत एक म्हण होती. आईवडिलांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात मात्र मुलांचे आंबले, असा तिचा आशय. संदेष्ट्याने ती म्हण मोडीत काढली. शरीराचे परिणाम एका पिढीतून दुसरीत जातात, हे आज आपल्याला माहीत आहे. पण परिणाम जातो म्हणून दोष लावायचा नसतो. ज्याच्या हाती आज काही करण्यासारखे आहे, त्याच्यावर जबाबदारी येते.

अशी माणसे पुष्कळ आहेत. पुण्याच्या त्याच अभ्यासात असे दिसले की गरोदरपणी जड कष्ट करणाऱ्या बायकांची बाळे लहान जन्मली. पालेभाज्या, फळे, दूध ज्यांना मिळाले त्यांची बाळे मोठी होती. मग हंडा कोणी उचलायचा होता? ताटात भाजी कोणी वाढायची होती? 2017 पासून कायद्याने 26 आठवड्यांची प्रसूती रजा आहे, पण ती आस्थापनांतील नोकरदार स्त्रीला. आपल्या पैठणात घरच्या मागावर पैठणी विणणारी, शेतावर रोजाने जाणारी, उचल घेऊन ऊसतोडीला गेलेली आई ही रजा कोणाकडे मागणार? फडात खाडा केला तर पैसे कापले जातात; बाळ उसाच्या पाचटावर निजलेले असते. तिला “सहा महिने फक्त अंगावरचं पाज” असा उपदेश करणे सोपे आहे.

म्हणून उपदेशाआधी हातभार लावू या. बाळंतिणीचे पाणी पतीने भरावे. पहिले चिकाचे दूध फेकू नये, मध-घुटी-पाणी देऊ नये, हे सासूबाईंनीच घरात सांगावे; त्यांचा शब्द चालतो. सहा महिन्यांनंतर चहात बुडवलेल्या बिस्किटाऐवजी घट्ट वरणभात, मऊ खिचडी, अंडे, कुस्करलेली भाजी द्यावी आणि अंगावरचे दूधही चालू ठेवावे. शेजारच्या घरी ओली बाळंतीण असेल तर तिला दोन तास निवांत बसता येईल एवढे काम आपण उचलावे. आणि जिला पाजता येत नाही, तिला टोमणा न मारता दवाखान्यात सोबत करावी.

बाळाने आपल्या ताटात काय पडावे हे निवडलेले नसते. ते आपल्यावर विसंबून तोंड उघडते. हा विश्वास त्याने एकट्या आईवर टाकलेला नाही, तो आपणा सर्वांवर आहे. पुढच्या रविवारी आवारात एखादे किरकोळ बाळ दिसले तर त्याच्या आईला प्रश्न विचारण्याऐवजी आपण एवढेच म्हणू या, “ताई, काही मदत हवी का?”