राज्याला पुण्य लागते का?

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत कुर्ल्याच्या आमदाराच्या मताचे मूल्य 175 धरतात. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे 208, केरळच्याचे 152, राजस्थानच्याचे 129, सिक्कीमच्याचे अवघे 7. हिशेब सरळ आहे: राज्याच्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने भागायचे, मग हजाराने. पण ही लोकसंख्या 1971 ची. आणीबाणीत, 1976 मध्ये, 42 व्या घटनादुरुस्तीने ती गोठवली. 84 व्या दुरुस्तीने मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. त्यामागचे समर्थन नैतिक आहे. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले, त्यांचे वजन त्यापायी घटू नये. म्हणजे राज्याच्या खात्यात संयमाचे पुण्य जमा आहे, असे आपण गृहीत धरतो. एरवी कर्म ज्याचे त्याचे आणि फळही ज्याचे त्याचे, ही आपली शिकवण. मुलाने केलेले श्राद्ध पितरांना पोहोचते असे मानतो खरे. इथे मात्र आईबापांचा हिशेब मुलांवर चढवला आहे.

1971 ते 2011 या काळात केरळ 2 कोटी 13 लाखांवरून 3 कोटी 34 लाखांवर गेले, राजस्थान 2 कोटी 58 लाखांवरून 6 कोटी 85 लाखांवर. 2011 चे आकडे घातले तर केरळच्या आमदाराचे मत 239 भरते आणि राजस्थानच्याचे 343, क्रमच उलटतो. बाडमेरमध्ये जन्मलेल्या मुलीने आपली भावंडे किती असावीत हे ठरवलेले नसते, तरी तिचे वजन त्यावरून घटते. कुर्ल्यात तर पुण्याचे खाते कोणाचे, हेच सांगता येत नाही. 1971 चा कुर्ला स्वदेशी मिलचा आणि प्रीमियरच्या मोटारींचा. त्यानंतर लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरून इथेच राहिलेल्या माणसाचे आईबाप उत्तर प्रदेशच्या आकड्यात मोजलेले आहेत, तो स्वतः मत कुर्ल्यात देतो आणि इथे जन्मलेली त्याची मुलगी कुठल्याच आकड्यात नाही. राज्य हा एक जीव असता तर त्याला पुण्य लागले असते. प्रत्यक्षात माणसे येतात-जातात, नाव तेवढे तेच राहते.

दिलेला शब्द मोडायचा का, असे कोणी विचारेल. मोडू नये, पण बक्षीस मतातूनच द्यायला हवे असे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने करवाटपात लोकसंख्या आवरण्याला 12.5 टक्के भार दिलाच. या आकड्यांनी निकाल बदलत नाही, हाही आक्षेप असतो. 2022 मध्ये 6,76,803 विरुद्ध 3,80,177 असा कौल लागला तिथे तो पटतो. 1969 मध्ये मात्र गिरी आणि रेड्डी यांच्यातले अंतिम अंतर 15 हजारांहून कमी होते आणि आज एकट्या महाराष्ट्राच्या आमदारांची मते 50,400 आहेत. खरा जड आक्षेप तिसरा: संघराज्यात राज्य म्हणजे नुसती माणसांची बेरीज नव्हे, तो भागीदार आहे. मान्य. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत प्रत्येक राज्याला, लहान असो की मोठे, सिनेटच्या नावाने दोन मते मिळतात. बाकीची दर दहा वर्षांच्या शिरगणतीने नव्याने वाटतात. भागीदारीचा वाटा उघड, माणसांचा वेगळा. आपण माणसेच मोजतो, पण त्यातली कित्येक आज हयात नाहीत. पुढची राष्ट्रपती-निवडणूक 2027 ची आणि जनगणनाही त्याच वर्षीची. नवे आकडे हाती येण्याआधीच मतदान होईल, तेव्हा कुर्ल्याचे मत बहुधा पुन्हा 175 च भरेल.