एकेक अक्षर आणि विराम

(वाचन : १ करिंथ १४ : ७–९)



भंडारा रोड, तुमसर रोड या आपल्या ठेसनांवर पूर्वीं तारेचा कट्टकट्ट नाद चाले. ती लिपि मोर्सची. आपल्या देशांत लोकांची तार घेणें १४ जुलै २०१३ नंतर बंद झालें. तरी हौशी रेडिओवाले ती लिपि अजून शिकतात. पौलानें स्पष्ट बोलण्याविषयीं जें शिकविलें, तें तिच्यावरून चांगलें उमगतें.

तींत खुणा दोनच : आंखूड व लांब. लांब खूण आंखुडाच्या तिप्पट असते. इंग्रजी ‘ई’ म्हणजे एक आंखूड, ‘टी’ म्हणजे एक लांब. आणि आंखूड व लांब मिळून ‘ए’ होतो. एका अक्षराच्या खुणांमध्यें एका आंखूड खुणेइतका, दोन अक्षरांमध्यें तिनांइतका व दोन शब्दांमध्यें सातांइतका विराम ठेवावा लागतो. शिकाऊ मनुष्य घाईनें विराम गाळतो. मग त्यानें धाडलेले ‘ई’ व ‘टी’ पलीकडे ‘ए’ होऊन पोंहचतात. खूण एकही चुकलेली नसते, तरी निरोप नासतो.

आमच्याही हातून असेंच झालें. एका गांवीं बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या एका वृद्ध बाईनें प्रभूची प्रार्थना न अडखळतां म्हटली. आम्हांस धन्यता वाटली. पुढें, क्षमेविषयीं जें मागितलें त्याचा अर्थ विचारतां ती म्हणाली, “तुमी भराभरा सांगतलं जी, मी पाठ केलं.” त्या घरांत सासूसुनेचा अबोला होता, आणि ती रोज क्षमेचे शब्द उच्चारीत होती! दोष तिचा नव्हे, आमचा होता.

पुढल्या खेपेस आम्ही तेवढें एकच वाक्य घेऊन बसलों. अर्थ सांगून आम्ही थांबलों. ती पुष्कळ वेळ गप्प राहिली. आम्हीही बोललों नाहीं. शेवटीं तिनें सुनेस हांक मारून पाणी मागितलें.

ग्रामोपदेशक बंधूंनो, किती अध्याय शिकविले याचा हिशेब आपण देतों. किती पोंहचले याचा देतों काय? एक वचन सांगा, थांबा, तें ऐकणाराच्या तोंडून त्याच्या बोलींत परत ऐका. मग दुसरें घ्या. आणि प्रार्थनेंतही आपण आपलेंच बोलत राहूं नये; प्रभूच्या उत्तरास जागा ठेवावी. तो आपणां सर्वांस हा धीर देवो. आमेन.