एक लिंग, अडुसष्ट लिंगं

आमचे भाऊजी, म्हणजे यांचे धाकटे बंधू, शेअरबाजाराबद्दल बोलताना ‘निष्ठा’ म्हणतात. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांनी बालाजी अमाइन्सचे शेअर घेतले. कंपनी सोलापूरची, कारखाना तामलवाडीला, तुळजापूरला जाता-येता पाटी दिसते, एवढ्या माहितीवर. दुसऱ्या कुठल्या कंपनीला हात लावला नाही. मार्च २०२० मध्ये तो शेअर दोनशेच्या आसपास होता, पुढच्या वर्षी सप्टेंबरात पाच हजारांवर गेला आणि मग उतरत उतरत निम्म्याच्याही खाली आला. भाऊजींनी चढताना विकला नाही, उतरतानाही नाही. अजून ते चांगल्या फायद्यात आहेत. “वैनी, गळ्यातलं लिंग माणूस रोज बदलत नाही की ओ,” असं मला ऐकवतात.

मी कुंभारीत पोस्टाच्या आवर्ती ठेवीची एजंट. गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या विडी वळणाऱ्या बायकांकडून दरमहा शंभर, दोनशे, पाचशे गोळा करते. दहा हजार घरांची ही वसाहत; २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग इथं आले होते. पाच वर्षांची ठेव, व्याज सध्या ६.७ टक्के. यात निष्ठेचा प्रश्न कुठं येतो? म्हणून भाऊजींचं वाक्य मला बाजाराच्या नव्हे, धर्माच्या बाजूनं खटकतं.

आम्ही लिंगायत. इष्टलिंग गळ्यात येतं ते आयुष्यभरासाठी, आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर मातीत जातं. मधल्या काळात त्यानं काय दिलं, हे कुणी मोजत नाही. आजारपण आलं, पीक गेलं, तरी सकाळी तळहातावर घेऊन पूजा करायचीच. पण सोलापूर हे सिद्धरामेश्वरांचंही गाव. बाराव्या शतकात त्यांनी तळं खोदलं आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. संक्रांतीच्या गड्डा यात्रेला नंदीध्वज त्या लिंगांच्या वाटेनं फिरतात, यण्णीमज्जन म्हणजे तैलाभिषेक होतो. पुढं अल्लमप्रभू आले, बाहेरच्या या बांधकामावरून त्यांनी सिद्धरामांना खडसावलं आणि बसवण्णांच्या कल्याणला, आजच्या बसवकल्याणला, नेलं. तिथं चन्नबसवण्णांकडून त्यांना इष्टलिंगाची दीक्षा मिळाली, अशी ‘शून्यसंपादने’ या ग्रंथातली कथा. भाऊजी ही कथा आपल्या बाजूचा पुरावा म्हणून सांगतात: शेवटी अडुसष्टांवरून एकावरच यावं लागलं ना?

मला वाटतं, कथा त्यांना लागू होत नाही. अल्लमांचं म्हणणं लिंगं जास्त झाली असं नव्हतं. देव बाहेर आहे, आपण बांधला म्हणून आहे, या समजुतीला त्यांचा आक्षेप होता. अडुसष्ट शेअर काय नि एक काय, दोन्ही बाहेरचेच.

आणि ज्यांनी असंच एकाला धरून ठेवलं, त्यांचं काय? सोलापुरात त्यासाठी लांब जायला नको. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदासांनी सुरू केलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, आपली जुनी गिरणी. तिच्या भोंग्यावर गावाची घड्याळं लागायची. त्या काळी इथल्या माणसाला तिचा शेअर म्हणजे सोनंच वाटलं असणार. १९४९ च्या ऑगस्टात गिरणी बंद पडली. १९५० च्या जानेवारीत सरकारनं वटहुकूम काढून कारभार हाती घेतला, पुढं त्याचा कायदा झाला. सरकारनं नेमलेल्या संचालकांनी प्रेफरन्स शेअरवाल्यांकडं शेअरमागं आणखी पन्नास रुपये मागितले. म्हणजे लाभांश राहिला बाजूला, वर घरातूनच द्यायचे! चरणजितलाल चौधरी नावाचे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले, १९५० मध्ये हरले. द्वारकादास श्रीनिवास गेले, ते डिसेंबर १९५३ मध्ये जिंकले. राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीमागं जे निकाल होते, त्यांत हा एक. कायद्याच्या पुस्तकात सोलापूरचं नाव अमर झालं, गिरणी मात्र गेली. तिचे कागद ट्रंकेत जपून ठेवणाऱ्याची चिकाटी भाऊजींपेक्षा कमी होती असं मला कुणी सांगावं.

उलट टोकाला अमळनेर. १९४५ साली तिथं वनस्पती तुपाची कंपनी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. १९६६ मध्ये संस्थापक वारले आणि एकवीस वर्षांचा मुलगा अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट टाकून परतला. तीच आजची विप्रो. बोनस आणि विभाजन होत होत एका शेअरचे इतके शेअर झाले, की ते जपणारी अमळनेरची साधी घरं श्रीमंत झाली. पण त्या काळी अमळनेरातल्या जाणत्या माणसाला विचारलं असतं, तर त्यानं १९०६ पासूनच्या प्रताप मिलकडंच बोट दाखवलं असतं. तुपाच्या डब्यातून संगणक निघेल हे कुणाला दिसणार? गंमत म्हणजे त्याच गावात मिलवाल्या प्रतापशेठांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिरही काढलं होतं. दैव आणि पुरुषार्थ यांवर वाद घालायला एवढी सोय दुसऱ्या गावात क्वचितच असेल.

माझी मुलगी पुण्यात म्युच्युअल फंडाच्या कचेरीत आहे. तिनं मला बेसेम्बाइंडर नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाचं २०१८ मधलं काम समजावून सांगितलं. १९२६ ते २०१६ या नव्वद वर्षांतले तिथले जवळपास सव्वीस हजार शेअर त्यांनी तपासले. निम्म्याहून अधिक शेअरांनी आपल्या सगळ्या आयुष्यात सरकारी अल्पमुदतीच्या रोख्यांइतकंही दिलं नाही. त्या रोख्यांच्या वर बाजारानं जी एकूण संपत्ती निर्माण केली, ती सगळी चार टक्के कंपन्यांच्या खात्यावर. सबंध बाजार घेणाऱ्याकडं ते चार टक्के आपोआप येतात. एकच घेणाऱ्यानं चिठ्ठी उचलायची. हे ऐकल्यावर भाऊजींच्या निष्ठेचा अर्थ माझ्यापुरता लागला. फळ आलं की तिला निष्ठा म्हणायचं, नाही आलं की हट्ट. कृती तीच, माणूस तोच. मग फळाकडं बघून गुण ठरवणं बसवण्णांच्या वाटेवर बसत नाही. कायक म्हणजे कष्टाचं काम करावं, गरजेपुरतं घ्यावं, उरलेलं दासोहात, म्हणजे इतरांसाठी, जावं. जे आपल्या कष्टानं आलंच नाही, ते तर आधी.

मुलीची बाजू मी पुरती घेत नाही. सेन्सेक्स १९७८-७९ ला शंभर धरलेला, जुलै २०२४ मध्ये ऐंशी हजारांच्या पुढं गेला, हे ती अभिमानानं सांगते. पण तो सेन्सेक्स एकाही कंपनीचा सोबती नाही. सुरुवातीच्या तीस कंपन्यांत फियाटवाली प्रीमियर होती, ॲम्बॅसॅडरवाली हिंदुस्तान मोटर्स होती. थकल्या तशा काढल्या, दुसऱ्या घेतल्या. हे शहाणपण आहे, वैराग्य नव्हे. सबंध बाजार घेणारा माणूस ‘मला कळत नाही’ एवढं कबूल करतो. ती नम्रता मला आवडते, पण त्याला साधना म्हणायला मी तयार नाही. काहींच्या बाबतीत ती नुसती भीती असते.

वसाहतीतली एक पोरगी परवा विचारत होती, “अक्का, शेअरात घालू का?” मी म्हटलं, ते विकायचा परवाना माझ्याकडं नाही. पण घालायचेच असतील तर वर्षभराच्या खर्चाचे आधी बाजूला काढ, आणि रस्त्यावरची पाटी बघून घालू नको.

हे भाऊजींच्या कानावर गेलंच. तेव्हा कळलं, लेकीच्या नावानं त्यांनी गेल्या वर्षीच निर्देशांकाचा फंड सुरू केलाय, दरमहा. स्वतःचे बालाजी तसेच आहेत. “मग तिला का नाही दिले?” मी विचारलं. “तिला कशाला त्यात ओढू, वैनी? माझं माझ्यापाशी.” याच लेकीला लिंग मात्र त्यांनी बारशाच्या आधी बांधलं होतं, आणि तेव्हा कुणाला विचारलंही नव्हतं.